पायाळू

आम्ही मोहर्लीच्या बचत गटाच्या बाया. आज एका जुन्या शब्दाबद्दल बोलू, पायाळू.

पाठीत उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणूस शोधतात. त्यानं पाठीला पाय लावला की चमक जाते म्हणतात. पायाळूला जमिनीतलं धन दिसतं, त्याच्यावर वीज पडते, असंही आपण ऐकत आलो. आम्हाला वाटतं, पायांकडून जन्मलेलं मूल जगलं आणि धडधाकट चाललं, हेच एवढं नवलाचं होतं की लोकांनी त्याच्या पायातच गुण पाहिला. जे जगलं, पण ज्याच्या पायात जीव आला नाही, त्याच्यासाठी मात्र असा शब्द नाही. त्याच्या आईसाठी बोल तेवढे होते. ग्रहण पाळलं नाही, भाजी चिरली, पोटुशी असताना नको तिथं गेली.

खरं कारण बाळंतपणाच्या वेळचं असू शकतं. पायाळू बाळाचं अंग आधी बाहेर येतं आणि शरीरातला सगळ्यात मोठा भाग, डोकं, आत राहतं. ते अडलं की घाबरलेले हात बाळाला ओढतात. नवजात बाळाचा कणा मऊ, कूर्चेचा. तो दोन इंचांपर्यंत ताणला जातो, तुटत नाही. पण आतला मज्जारज्जू पाव इंचापलीकडे ताण सोसत नाही. म्हणजे पाठ वरून चांगली दिसते आणि आतली दोरी तुटलेली असते. असं बाळ लुळं पडतं, पाय हलवत नाही, लघवी ठिबकत राहते. इजा मानेत वर असेल तर श्वासच बंद पडतो. डोक्याकडून येणाऱ्या बाळालाही चिमट्यानं डोकं फिरवताना अशी इजा होऊ शकते. (नुसता एक हात लुळा पडतो ते वेगळं. तिथं मानेतून हाताकडे जाणाऱ्या शिरा ताणलेल्या असतात, आणि बहुतेक बाळं त्यातून बरी होतात.)

अडलेल्या बाळाची चिंता फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत त्याला मूढगर्भ म्हटलंय, आणि हातानं बाळ कसं सोडवायचं तेही सांगितलंय. युरोपात १७व्या शतकात पॅरिसच्या मोरिसोंनी आणि १८व्या शतकात लंडनच्या स्मेलींनी पायाळू बाळ हातावर तोलून, हनुवटी छातीकडे झुकवून डोकं काढायची रीत लिहून ठेवली. तरी ओढण्यानं मज्जारज्जू तुटतो आणि मूल पांगळं होतं, हे ठामपणे मांडायला १९२३ साल उजाडलं. अमेरिकेतल्या डॉ. क्रॉथर्स यांनी ते लिहिलं. तोवर आयांनी किती वर्षं बोल ऐकले असतील, विचार करा.

आपल्या आनंदीबाई जोशींचं उदाहरण घ्या. चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, मूल दहा दिवस जगलं. पुढे त्या अमेरिकेत शिकल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. आपलं दुःख तिनं विद्येकडे वळवलं. पण १८८७ मध्ये ती गेली, आणि तिची विद्या आपल्या रानापर्यंत आलीच नाही.

इथं सुईणच होती. सुईणींना नावं ठेवणं सोपं आहे, आम्ही ठेवणार नाही. अंधारात, जंगलाच्या वाटेनं, दुसरं कोण येणार होतं? शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ पासून गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. सुईणीला बाजूला न सारता ती बाई तिच्यासोबत बाळंतपणाला हजर राहू लागली. १९९९ साली 'लॅन्सेट' मासिकात निकाल छापून आला. त्या ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. बाळाचा श्वास गुदमरणं आणि जंतुसंसर्ग यांवर गावातच उपाय झाला. ताणलेल्या मज्जारज्जूवर मात्र गावातही उपाय नाही आणि शहरातही नाही. तो ताण पडूच न देणं, एवढंच हातात आहे.

म्हणून पायाळू बाळ आहे हे आधी कळायला हवं. सातव्या महिन्यात अशी बाळं बरीच असतात, बहुतेक आपोआप फिरतात. दिवस भरताना शंभरात तीन-चार उरतात. २००० साली २६ देशांतल्या दोन हजारांवर बायांचा अभ्यास छापून आला आणि त्यानंतर जगभर अशा बाळांसाठी सिझेरियन वाढलं. पोटात बाळाची मान मागे ताठ वळलेली सोनोग्राफीत दिसली, तर सिझेरियनच बरं. सिझेरियन म्हणजे पैशाला चटावलेला दवाखाना, असं गटात कोणी म्हणालं की आम्ही आता विचारतो, बाळ कसं होतं? २०११ पासून सरकारी दवाखान्यात ते मोफत आहे, नेणं-आणणंही मोफत. १०८ ची गाडी २०१४ पासून आहे, पण रानात फोनला रेंज नसते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून दुखू लागण्याची वाट पाहायची नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायांना तपासतात. नववा लागला की तिथं विचारा, "डोकं खाली आहे का?" आणि जे उत्तर मिळेल ते कार्डावर लिहून घ्या.