भाद्रपदातील एक तिथी : जैनांचे व्रतवर्ष आणि पैठणची कथा

भाद्रपद शुद्ध चतुर्थी उजाडली की गोमंतकात माटोळीखाली चवथीचा गणपती बसतो. बेळगाव, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी घरांतूनही मोदकांचा नैवेद्य होतो. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, आणि पुढे चतुर्दशीस अनंताची पूजा. नेमक्या याच तिथींना आपल्या शेजारच्या जैन घरातील चूल बहुधा थंड असते. श्वेतांबर मूर्तिपूजकांचे पर्युषण चतुर्थीस समाप्त होते. दिगंबरांचे दशलक्षण पर्व पंचमीस सुरू होऊन चतुर्दशीस पूर्ण होते, आणि त्या दिवसाला तेही अनंत चतुर्दशीच म्हणतात. भिंत एक, पंचांग एक, पण अलीकडे नैवेद्य आणि पलीकडे उपवास! यांपैकी चतुर्थी ही तिथी श्वेतांबरांच्या पंचांगात कशी आली, त्याची कथा परंपरेने गोदातीरीच्या पैठणात घडलेली सांगितली आहे. ती समजण्यासाठी आधी जैनांच्या व्रतवर्षाची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

हा समाज आम्हांस परका नाही. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती रट्टांच्या राजवटीत इ. स. १२०४ मध्ये उभी राहिली. गोव्यात बांदिवडे येथे नेमिनाथ बस्तीचे भग्नावशेष आजही दिसतात. बेळगाव, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यातील जैन बहुसंख्येने दिगंबर असून त्यांतील कित्येक घराणी पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आली आहेत. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा त्यांच्या घरच्याच. बडोदे, इंदूर येथे मात्र श्वेतांबर व दिगंबर अशी दोन्ही कुळे नांदतात. या दोन संप्रदायांच्या तिथींत आणि आचारांत भेद आहे, एवढे ध्यानात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

प्रथम उपवास म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे एकादशीस साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, रताळी, बटाटे चालतात. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपणच आपल्यावर केलेला विनोद आहे. जैन आचारात रताळे, बटाटा, कांदा ही कंदमुळे उपवासाच्या दिवशीच काय, एरवीही वर्ज्य मानली आहेत. कारण एका कंदात अनंत जीव वसतात अशी त्यांची शास्त्रदृष्टी आहे. उपवासाच्या दिवशी फक्त उकळलेले पाणी, आणि तेही सूर्यास्तापूर्वी. ज्याची शक्ती अधिक तो पाणीही सोडतो. ज्याची शक्ती कमी त्याच्यासाठी पायऱ्या आहेत. सूर्योदयानंतर ४८ मिनिटेपर्यंत काही न घेणे ही नवकारशी. एकाच आसनावर बसून दिवसातून एकदाच जेवणे हे एकासन. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर यांवाचून केलेले रुक्ष अन्न एकदाच खाणे हे आयंबिल. सलग आठ दिवसांच्या उपवासाला अठ्ठाई म्हणतात आणि महिनाभराच्या उपवासाला मासखमण. व्रत घेताना 'पच्चक्खाण', म्हणजे प्रत्याख्यान, उच्चारून मर्यादा बांधून घ्यावयाची, आणि व्रत पुरे झाले की पारणे करावयाचे.

या सर्वांत देवाकडे मागणे नाही. तीर्थंकर वर देत नाहीत. ते मार्ग दाखवून मुक्त झालेले आहेत. तपाने पूर्वीची कर्मे झडतात, त्या झडण्याला 'निर्जरा' असे नाव आहे. लोकव्यवहारात कामनेची व्रते जैनांतही शिरली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु शास्त्राचा कल हा असा आहे.

वर्षाचा कणा पावसाळा होय. आषाढ शुद्ध चतुर्दशी-पौर्णिमेपासून कार्तिकापर्यंत साधू-साध्वी एका गावी मुक्काम करतात. पावसाने जमीन ओली होते, गवत उगवते, कीटक वाढतात. अशा भूमीवरून चालणे म्हणजे पावलोपावली हिंसा. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंतचा आपला चातुर्मास याच काळात पडतो. श्रमण आणि वैदिक या दोन्ही परंपरांत वर्षावासाची चाल जुनी आहे. या महिन्यांत अनेक श्रावक पालेभाज्या सोडतात आणि रात्रिभोजनाचा नियम अधिक कसोशीने पाळतात.

कार्तिकाच्या उंबरठ्यावर दिवाळी येते. आश्विन अमावास्येच्या रात्री पावापुरी येथे महावीरांचे निर्वाण झाले, ही परंपरा. पारंपरिक गणनेने ते वर्ष इ. स. पूर्व ५२७. वीरनिर्वाण संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून मोजतात. जिनसेनांच्या हरिवंशपुराणात (शके ७०५, म्हणजे इ. स. ७८३) निर्वाणाच्या या दीपोत्सवाला 'दीपालिका' म्हटले आहे. पुढे कार्तिक शुद्ध पंचमीस श्वेतांबर ज्ञानपंचमी करून ग्रंथांची पूजा करतात. दिगंबरांची श्रुतपंचमी ज्येष्ठ शुद्ध पंचमीस असते. षट्खंडागम हा ग्रंथ पुष्पदंत व भूतबली यांनी सिद्ध केला, त्याचे ते स्मरण. या ग्रंथाच्या ताडपत्री प्रती मूडबिद्री येथे शतकानुशतके जपल्या गेल्या. मार्गशीर्ष शुद्ध एकादशीस आपल्याकडे गीताजयंती होते. त्याच दिवशी श्वेतांबर घरांत मौन एकादशी, म्हणजे उपवासासह मौन. चैत्र शुद्ध त्रयोदशी ही महावीर जयंती. चैत्र आणि आश्विन या दोन महिन्यांत शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नऊ दिवस आयंबिलाची ओळी चालते. दिगंबरांचे अष्टाह्निक पर्व आषाढ, कार्तिक व फाल्गुन या तीन महिन्यांत शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत असते.

अक्षय्य तृतीयेचा विशेष आणखी वेगळा. प्रथम तीर्थंकर ऋषभदेव भिक्षेस निघाले, पण मुनीला काय द्यावे हे लोकांस ठाऊक नव्हते. कोणी रत्ने पुढे केली, कोणी हत्ती. वर्ष लोटले तेव्हा हस्तिनापुरी श्रेयांसाने उसाचा रस त्यांच्या ओंजळीत ओतला. म्हणून एक दिवस उपवास आणि एक दिवस आहार असे सुमारे तेरा महिने चालवलेले वर्षीतप या तिथीस उसाच्या रसाने सोडतात.

आता पैठणची कथा. निशीथचूर्णीसारख्या जुन्या ग्रंथांत ती आली आहे, आणि कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांना जोडलेल्या कालकाचार्यकथेमुळे ती सर्वतोमुखी झाली. कालकाचार्यांना उज्जयिनी सोडावी लागली आणि ते प्रतिष्ठानास आले. तेथील सातवाहन राजाने त्यांचे स्वागत केले. पर्युषणाचा मुख्य दिवस भाद्रपद शुद्ध पंचमी. राजा म्हणाला, 'त्या दिवशी नगरात इंद्रमहोत्सव आहे. लोकांबरोबर मला तेथे असलेच पाहिजे. आपण षष्ठीस करावे.' आचार्य उत्तरले, 'पंचमीची रात्र ओलांडता येत नाही.' 'मग चतुर्थीस?' आचार्यांनी मान्य केले. सीमा पुढे ढकलता येत नव्हती, पण अलीकडे घेण्यास नियमाची आडकाठी नव्हती.

या कथेतील राजा कोणता, कालक एक की अनेक, यांवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. त्या वादात न शिरताही कथेचे तात्पर्य आम्हांस मोलाचे वाटते. आचार्यांनी इंद्रमहोत्सव बंद करा असे म्हटले नाही आणि स्वतःचा नियमही मोडला नाही. शेजाऱ्याचा उत्सव शेजाऱ्याकडे राहू देऊन आपले व्रत एक दिवस अलीकडे आणले. आजही श्वेतांबर मूर्तिपूजकांतील बहुतेकांची संवत्सरी चतुर्थीस असते, तर स्थानकवासी व तेरापंथी पंचमी धरतात. त्या एका दिवसाचा भेद समाजात अजून मिटलेला नाही. सवलतीलाही किंमत असते, हे यावरून दिसावे.

पुढच्या काळात प्रश्नाची दिशा बदलली. हीरविजयसूरींच्या भेटीनंतर, इ. स. १५८३ च्या सुमारास, अकबराने पर्युषणकाळात पशुवध बंद ठेवण्याची फर्माने काढली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये, अहमदाबादेत पर्युषणाचे नऊ दिवस कत्तलखाने बंद ठेवण्याचा महापालिकेचा ठराव वैध ठरवला. २०१५ मध्ये मुंबईत मांसविक्रीवरील बंदीचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा उच्च न्यायालयाने तीस एका दिवसापुरती स्थगिती दिली. कायद्याने शेजाऱ्याला किती दिवस थांबवावे, हा विचार न्यायालये करोत. पैठणच्या कथेतील प्रश्न निराळा आहे : आपल्या व्रतासाठी आपण स्वतः किती सरकू शकतो? तो प्रश्न आमच्या देवळांच्या विश्वस्तांनाही लागू आहे. मिरवणूक बस्तीसमोरून जाताना वाजंत्री किती वाजवावी, हेही त्यातच आले.

व्रतांचा शेवट क्षमेने होतो. संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर श्वेतांबर 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतात. दिगंबर चतुर्दशीनंतर क्षमावाणीचा दिवस पाळतात. दहा धर्मांतही पहिला उत्तम क्षमा हाच. ती मागावयाची ती ज्याच्याशी वर्षभर व्यवहार झाला त्याच्याजवळ. मग तो भाऊ असो, गिऱ्हाईक असो की भिंतीपलीकडचा शेजारी. गणपतीच्या दिवसांत आपल्या दारी असा कोणी हात जोडून उभा राहिला, तर त्याच्या उपवासाचे पारणे होऊ दे, मग मोदक पुढे करावा. आणि आपल्याही वर्षाचा हिशेब त्याच्याजवळ तितक्याच मोकळेपणाने सांगावा.