गाडी पळवायची की पुजायची?

पैठणी घडी घालून ट्रंकेत वर्षानुवर्षं ठेवली तर ती घडीवरच विरते. नेसली तर डाग पडतात, काठ झिजतो. म्हणजे दोन्हीकडून मरण! जुन्या स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांची पंचाईत नेमकी हीच. गाडी चालवली तर झिजते, आपटते. नाही चालवली तर रबरी सील वाळतात, टाकीतल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर होतो, सिलिंडरवरचं तेल निथळून गंज चढतो. मग करायचं काय? या वादातला माझा सगळ्यात आवडता किस्सा चक्क लंडनच्या हायकोर्टात घडलेला आहे.

सुरुवात १९२९ पासून. फ्रान्समधल्या ल माँ इथली सलग चोवीस तासांची शर्यत. त्या वर्षी पहिले चारही नंबर बेंटले गाड्यांनी पटकावले. पहिली आली ती साडेसहा लिटर इंजिनाची 'स्पीड सिक्स'. चालवणारे दोघे, वूल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन. यातला बार्नाटो म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या संपत्तीचा वारस आणि बेंटले कंपनीचा अध्यक्षसुद्धा. १९३० साली बार्नाटोने ग्लेन किडस्टनला जोडीला घेऊन याच गाडीवर शर्यत पुन्हा जिंकली. गाडीचं नाव झालं 'ओल्ड नंबर वन'.

आता शर्यतीची गाडी म्हणजे काही देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे. प्रत्येक शर्यतीनंतर ती खोलायची, झिजलेलं काढायचं, नवं बसवायचं. १९३१ साली बेंटले कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. पण बार्नाटोची गाडी थांबली नाही. १९३२ साली तिच्यात आठ लिटरचं इंजिन बसलं, चासीही दुसरी आली. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या ५०० मैलांच्या शर्यतीत ती उंच तिरप्या ट्रॅकच्या काठावरून बाहेर फेकली गेली. चालवणारा क्लाइव्ह डन्फी जागीच गेला. जे उरलं त्यातून गाडी परत उभी केली गेली, या वेळी रस्त्यावर वापरायला, बंद टपाची.

पुढचा अंक १९९० चा. तेव्हाच्या मालकाने ही गाडी जवळजवळ एक कोटी पौंडांना विकायचा करार केला. मग घेणाऱ्याने हात आखडता घेतला. म्हणाला, ही खरी ओल्ड नंबर वन नाहीच! प्रकरण न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे गेलं. तज्ज्ञांनी गाडीचा एकेक सुटा भाग तपासला. १९२९ च्या गाडीतलं खात्रीने सांगता येईल असं काहीच उरलेलं नव्हतं. १९३० च्या गाडीतलं काय, तर पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचं कवच, स्टिअरिंगचा खांब. बाकी बरंचसं १९३२ चं.

तरीही निकाल गाडीच्या बाजूने लागला! न्यायमूर्तींचं म्हणणं थोडक्यात असं: ही 'मूळ जशीच्या तशी' गाडी नाही हे खरं. पण ती नक्कलही नाही. ती कधी मोडीत निघाली नाही, तिच्या जागी कुणी दुसरी गाडी आणून ठेवली नाही. प्रत्येक टप्प्यावर तीच गाडी पुढे चालत आली. म्हणून ती अस्सल. करार पाळा!

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच पटेल. वीस वर्षं चालू असलेल्या सिस्टिममध्ये पहिल्या रिलीजची एकही ओळ शिल्लक नसते. तरी नाव तेच, वापरणारे तेच, आणि सगळे बदल नोंदवलेले. ती सिस्टिम नवी आहे असं कोण म्हणेल?

पण थांबा. उलट बाजूचा किस्साही तितकाच दमदार आहे. स्वित्झर्लंडमधल्या आस्कोना गावाजवळ माजोरे सरोवरात १९२५ ची एक बुगाटी ब्रेशिया पडली होती. आयात कर भरला नाही म्हणून १९३० च्या दशकात कस्टमवाल्यांनी ती साखळीला बांधून पाण्यात बुडवली. साखळी गंजून तुटली आणि गाडी पन्नास मीटरहून खोल तळाशी गेली. २००९ साली पाणबुड्यांनी ती वर काढली. एक बाजू निव्वळ गंजाची चाळण. २०१० साली पॅरिसच्या लिलावात तिला २,६०,५०० युरो आले, आणि घेणाऱ्या संग्रहालयाने ती दुरुस्त न करता तशीच मांडली. कारण ती दुरुस्त केली असती तर एक बरी बुगाटी मिळाली असती, पण सरोवराची सत्तरेक वर्षं पुसली गेली असती. बुगाटी इतरही आहेत, अशी दुसरी नाही.

म्हणजे 'चालवा' किंवा 'जपा' असं सरसकट उत्तर नाहीच. प्रश्न असा विचारायला हवा की या गाडीची गोष्ट नेमकी कशात साठवलेली आहे? बुगाटीची गोष्ट तिच्या गंजात आहे. ओल्ड नंबर वनची गोष्ट तिच्या चालत राहण्यात आहे. तिला हात लावू नका म्हणणं म्हणजे १९३० च्याच मेकॅनिकला चूक ठरवणं!

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ साली 'ट्यूरिन सनद' केली, तिचा सूर मला यात सगळ्यात शहाणा वाटतो. गाडी चालवणं हाही जतनाचाच भाग, कारण ती चालवायची आणि दुरुस्त करायची विद्या तिच्याबरोबरच टिकते. पण काही बदललंत तर नोंद ठेवा, नव्या भागांवर खूण करा, आणि शक्यतो परत फिरवता येईल असंच करा.

मला त्यातला विद्येचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पत्रा काचेआड शंभर वर्षं राहील. पण कान लावून इंजिनाचा टायमिंग ओळखणारा माणूस काचेआड ठेवता येत नाही. त्याला दर रविवारी एक चालू गाडी लागते, आणि शेजारी उभं राहून शिकणारा एक पोरगा.

असो. तुमच्या गॅरेजमध्ये एखादी जुनी गाडी असेल तर निदान महिन्यातून एकदा तरी तिला फिरवून आणा. आणि हो, काढलेला जुना नटबोल्ट फेकू नका. चिठ्ठी लावून डब्यात ठेवा!