एफ६ दाबले आणि पडदा काळवंडला : लॅपटॉपच्या कळफलकाचा इतिहास

१/ १९९३ साली आलेला ‘डूम’ आजच्या लॅपटॉपवर कुणी हौसेने खेळत असतो. कठीण दालनापाशी पोहोचताच खेळ जतन करावा म्हणून तो एफ६ दाबतो. जतन काहीच होत नाही. पडदा मात्र अंधुक होतो. पुढच्या वळणावर मरण, आणि अर्ध्या तासाची मेहनत वाया. बटण बिघडले, असे तो म्हणतो. बटण ठणठणीत असते. ते दुसऱ्याच कुणाचा हुकूम पाळत असते. तो हुकूम कुणाचा, हे आज पाहू.

२/ ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्याच्या कळफलकावर ८३ बटणे होती. त्यांपैकी एफ१ ते एफ१० ही दहा फंक्शन बटणे डावीकडे दोन उभ्या रांगांत होती. त्यांना स्वतःचा असा अर्थ नव्हता. जो प्रोग्राम चालू असेल त्याने तो द्यावा. पुढे आयबीएमच्याच १०१ बटणांच्या कळफलकाने ती माथ्यावर नेली आणि बारा केली. या मोकळीकीतूनच ‘डूम’ने एफ६ला तत्काळ जतन करण्याचे आणि एफ९ला जतन केलेला खेळ उघडण्याचे काम दिले. एफ११ला दिले चित्र उजळण्याचे. म्हणजे बटणाने पडद्याचा उजेड बदलण्याची कल्पना तशी जुनीच!

३/ लॅपटॉपवर जागा अपुरी. तेव्हा आवाज, उजेड अशी कामे याच रांगेवर लादली गेली आणि निवाड्यासाठी एफएन हे बटण आले. आरंभी एफएनसह दाबले तर उजेड बदले. पुढे अनेक उत्पादकांनी हा क्रम उलटा केला. उपाय त्यातच आहे : एफएन धरून एफ६ दाबावे. अनेक लॅपटॉपांवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबले की जुना क्रम कायमचा परततो. नाही तर बायोसमध्ये ती सोय शोधावी.

४/ आता डावा हात. ‘डूम’मध्ये चालणे बाणांच्या बटणांवर होते. उजवा हात माउसवर गेला तसा डावा हात डब्ल्यू-ए-एस-डीवर स्थिरावला. १९९७ मध्ये ‘क्वेक’च्या स्पर्धेत डेनिस फाँग ऊर्फ ‘थ्रेश’ जिंकला, बक्षीस म्हणून जॉन कारमॅकची फेरारी घेऊन गेला, आणि त्याची ही मांडणी असंख्य खेळाडूंनी उचलली.

५/ पण कळफलक घडला होता टंकलेखनासाठी. बटणांखाली आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. जाळीतील चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले, तर चौथाही दाबल्यासारखा भासतो. हा भास टाळण्यासाठी स्वस्त कळफलक तिसरे बटण सरळ नाकारतात. तिरके धावताना उडी लागत नाही, त्याचे कारण बहुधा हेच. सेटिंग कितीही चाळा, ही मर्यादा हटणार नाही. उडी दुसऱ्या बटणावर न्यावी किंवा बाहेरचा कळफलक जोडावा.

६/ ऐन चकमकीत शिफ्ट पाच वेळा दाबले की मध्येच एक खिडकी उघडते. तिला शिव्या घालण्यापूर्वी हे जाणावे : ‘स्टिकी कीज’ ही ‘विंडोज ९५’पासूनची सोय आहे, ती दोन बटणे एकाच वेळी धरू न शकणाऱ्यांसाठी. ती काढून टाका अशी मागणी मला तरी रुचत नाही. सेटिंगमध्ये फक्त तिचा शिफ्टचा शॉर्टकट बंद करावा, भागते.

७/ शेवटचा गुंता खास आपला. विंडोजमध्ये डावे ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबल्यास भाषा बदलते. खेळात ही दोन्ही बटणे सतत वापरात, त्यामुळे नकळत मराठी इनस्क्रिप्ट सुरू होतो. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेल्या या मांडणीत स्वर डावीकडे आहेत, व्यंजने उजवीकडे. म्हणून डब्ल्यूवर दोन मात्रा, एवर ओकाराची खूण, एसवर एक मात्रा आणि डीवर हलंत! बटणाची जागा ओळखणारे खेळ यातून सुटतात. अक्षर ओळखणाऱ्या खेळांत मात्र नायक जागच्या जागी खिळतो. खेळ सुरू करण्यापूर्वी भाषा इंग्रजी आहे ना, हे पाहावे आणि ऑल्ट-शिफ्टचा तो शॉर्टकट बंद करावा. मराठी टंकताना भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस ही जोडी आहेच.