‘उलट’ बोलणे : एका क्रियाविशेषणाचा सामाजिक इतिहास

‘उलट, ती बोलली’ आणि ‘ती उलट बोलली’ या दोन वाक्यांतील शब्द तेच आहेत. पहिल्यात ‘उलट’ आधीच्या विधानाशी विरोध जोडून देते. दुसऱ्यात ते क्रियाविशेषण होते आणि बोलणाऱ्याविषयी निवाडा देते. हा भेद व्याकरण सांगू शकते. दुसऱ्या वाक्याचा कर्ता कोण होऊ शकतो, हे मात्र सांगत नाही. सून सासूला उलट बोलते, गडी धन्याला उलट बोलतो. सासू सुनेला ‘उलट बोलली’ असे कोणी म्हणत नाही. म्हणजे येथे बोलण्याच्या आशयापेक्षा बोलणाऱ्याचे स्थानच अधिक सूचित होते. ‘प्रत्युत्तर’ आणि ‘उलट उत्तर’ यांची घडण जवळजवळ एकच. पण पहिले पंडिताचे, दुसरे उद्धटाचे.

१८७२ च्या पुरावा कायद्याने साक्षीदाराला विरुद्ध पक्षाने प्रश्न विचारण्याची व्याख्या कलम १३७ मध्ये केली. मराठी न्यायव्यवहारात तिला ‘उलटतपासणी’ म्हणतात. घरात जो अपराध, तो कचेरीत हक्क! लगेच १८७३ मध्ये जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. त्यात धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात आणि अवतारकथांची जणू उलटतपासणीच होते. बळी नायक ठरतो.

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) या पुस्तकात हे वर्तन अधिक धारदार आहे. अर्भकहत्येच्या आरोपावरून विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवर १८८१ मध्ये सुरतेस खटला चालला आणि त्या निमित्ताने स्त्रीजातीवर दोषारोपांची सरबत्ती झाली. ताराबाई ते आरोप खोडून काढत बसत नाहीत. एकेक दुर्गुण उचलून तो पुरुषांत नाही काय, असे त्या विचारतात. ‘चोराच्या उलट्या बोंबा’ ही म्हण आरोपिताचा प्रत्यारोप हाच त्याच्या अपराधाचा पुरावा मानते. ताराबाईंच्या युक्तिवादाने त्या गृहीतकालाच हात घातला आहे. या गद्याला केवळ ‘संतप्त’ म्हणून मोकळे होणारा समीक्षक सासूच्याच जागी उभा असतो.

पुस्तकाची अवहेलना झाली, तेव्हा फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्याची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र उपलब्ध नाही.