मोज्यातल्या कुसळाचं कुळ

दिवाळीनंतर गड उतरला की अर्धा तास मोज्यांतली कुसळं उपटण्यात जातो. एकदा उपटलेलं कुसळ सांडलेल्या पाण्यात पडलं आणि वळवळत गरागरा उलगडलं. वाळल्यावर पुन्हा पीळ! जीव नसलेली काडी ही.

पेशींच्या भिंतींत सेल्युलोजचे धागे मळसूत्रासारखे तिरके गुंडाळलेले असतात. भिंत भिजून फुगते ती धाग्यांना आडवी, म्हणून पीळ सुटतो. सुटता-बसता बी मातीत घुसतं. मोजाही त्याला मातीच.

कुसळ शब्द कुठला? संस्कृतातला 'शूक' अर्थानं नेमका, पण अक्षरं उलटीपालटी करावी लागतात. माझं मत 'कुश'ला. बोट न कापता कुश खुडणारा तो 'कुशल', ही व्युत्पत्ती मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'च्या अभ्यासकांना पाठ असते. त्या कुशलाच्याही बोटात जे रुतलं ते कुसळ, असं मी बिनदिक्कत मानतो.

या काडीचं यंत्र कुणी केलं? इंग्रज लगेच रॉबर्ट हूककडे बोट दाखवतात. १६६५च्या 'मायक्रोग्राफिया'त रानटी ओटच्या कुसळावर काटा बसवून हवेतला दमटपणा दाखवायची युक्ती आहे, हे खरंच. पण मला सापडलेला धागा म्हैसूरचा. लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात हेन्री केटर नावाचा लष्करी अधिकारी होता. पुढे लंडनला लंबकासाठी गाजला तोच. त्यानं इथे आर्द्रतामापक केला तो आपल्याच कुसळी गवताच्या कुसळाचा. शास्त्रीय नावातही त्याच्या 'कंटॉर्टस' आहे, म्हणजे पिळलेलं. केटरनं त्याचं कानडी नावसुद्धा टिपलं : 'ऊबीन हुल्लू'. हुल्लू म्हणजे गवत.

केटरनं हूकचीच नक्कल केली, असं कुणी म्हणेल. कल्पना हूकची असेलही. पण ओट शोधत बसलेला माणूस कानडी नाव कशाला टिपेल? कुणा गुराख्यानं किंवा सर्वेक्षणातल्या खलाशानंच ती वळवळ त्याला दाखवली असणार, माझी पक्की खात्री आहे.

केसाचे आर्द्रतामापक केटरच्या आधीपासूनच होते; पुढे तेच रूढ झाले, कुसळ मागे पडलं. २०२३ साली मात्र कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी ओकच्या पातळ लाकडी पट्टीपासून स्वतः रुजणारे बीवाहक केले. गुरू गवत नव्हे, एरोडियम नावाच्या रोपाचं बी; पीळ तोच. एका शेपटीचं बी सपाट जमिनीवर नीट उभं राहत नाही, म्हणून त्यांनी तीन शेपट्या दिल्या.

तीन शेपट्यांचं कुसळ! मोज्यातून निघायचं कसं?