क्रुसावरचे उघडे डोळे, मिटलेले डोळे

फिलिप्पै हे मॅसिडोनियातले रोमन वसाहतीचे शहर. इ.स.पू. 42 मध्ये त्याच्या वेशीजवळ मोठी लढाई झाली, त्यानंतर सैन्यातून निवृत्त झालेल्यांना तिथे जमिनी मिळाल्या आणि रोमन नागरिकत्वाचा अभिमान त्या गावाच्या हाडीमाशी खिळला. याच गावातल्या मूठभर ख्रिस्ती मंडळीला पौलाने तुरुंगातून एक पत्र लिहिले. त्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली मोजकी वचने पुढे दोन हजार वर्षे धर्मपंडितांना आणि कलावंतांना पुरून उरली. देवाच्या बरोबरीचा असलेला ख्रिस्त दास झाला, माणूस झाला, क्रुसावर मेला. आणि म्हणूनच देवाने त्याला सर्वांहून उंच केले, असा त्यांचा आशय. पुढच्या काळात या शिकवणीची रीतसर मांडणी झाली. जन्म, यातना, मरण आणि दफन ही ख्रिस्ताची लीन अवस्था. पुनरुत्थान, स्वर्गारोहण, देवाच्या उजवीकडचे आसन आणि न्यायनिवाड्यासाठी पुन्हा येणे ही उन्नत अवस्था.

आज क्रूस गळ्यात सोन्याच्या साखळीत असतो, त्यामुळे ‘लीन’ म्हणजे किती लीन हे आपल्या ध्यानात येत नाही. फिलिप्पैच्या माणसाच्या ते लगेच ध्यानात आले असणार. क्रूस हा गुलामांचा आणि बंडखोरांचा मृत्युदंड होता. इ.स.पू. 71 मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने सहा हजार गुलामांना क्रुसावर चढवले होते. रोमन नागरिकाच्या कानांवर क्रूस हा शब्दसुद्धा पडू नये, असे सिसेरोने भर न्यायसभेत बजावले होते.

या शिक्षेचा एक पुरावा 1968 मध्ये जेरुसलेमच्या उत्तरेला एका थडग्यात सापडला. अस्थी ठेवण्याच्या दगडी पेटीवर मृताचे नाव कोरले होते: यहोहानन. आत टाचेचे हाड होते आणि त्यातून आडवा गेलेला सुमारे साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा तसाच होता. खिळ्याचे टोक वाकले होते, म्हणून प्रेत उतरवणाऱ्यांना तो उपसता आला नाही आणि खिळ्यासकटच पाय पुरावा लागला. पौलाच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे हे चित्र होते. अशा मरणाला देवाच्या गौरवाशी जोडायचे म्हणजे त्या काळी केवढे धाडस!

त्याची टिंगल झाली यात नवल नाही. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर 1857 मध्ये भिंतीच्या गिलाव्यावर ओरखडलेले एक चित्र सापडले. अभ्यासक ते साधारण इ.स. 200 च्या आसपासचे मानतात. गाढवाच्या तोंडाचा एक माणूस क्रुसावर आहे, खाली एक तरुण हात उंचावून उभा आहे, आणि शेजारी अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो आहे, अशा अर्थाचा ग्रीक मजकूर खरडला आहे. क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या सर्वांत जुन्या चित्रांत या कुचेष्टेची गणना होते.

खुद्द ख्रिस्ती लोक मात्र तो प्रसंग रंगवायला फार काळ धजले नाहीत. रोमच्या भुयारी दफनभूमीत मेंढपाळ सापडतो, मासा सापडतो, जहाजाचा नांगर सापडतो; खिळे ठोकलेला देह सापडत नाही. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला आणि क्रुसाची शिक्षा बंद केली. त्यानंतरही आधी रंगला तो विजयच. व्हॅटिकनच्या संग्रहालयात त्याच शतकाच्या मध्यावरची एक संगमरवरी शवपेटी आहे. तिच्या मधोमध रिकामा क्रूस उभा असून त्यावर विजयमाला आहे आणि खाली दोन सैनिक बसले आहेत. डावीकडच्या चौकटीत शिपाई येशूच्या डोक्यावर मुकुट चढवतो आहे. शुभवर्तमानात तो काट्यांचा आहे, इथे शिल्पकाराने पानांचा केला आहे. अपमानाचा प्रसंग त्याने राज्याभिषेकात बदलून टाकला.

पाचव्या शतकात देह क्रुसावर आला, पण त्याचे डोळे उघडे राहिले. रोमच्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर, साधारण 432 च्या सुमाराला, येशू प्रार्थनेला हात पसरल्यासारखा उभा आहे. मागचा क्रूस जेमतेम दिसतो. ब्रिटिश म्युझियममधली त्याच काळातली तळहाताएवढी हस्तिदंती पट्टी याहून बोलकी आहे. तिच्यावर एका बाजूला येशूला पकडून देणारा यहूदा झाडाला लटकतो आहे, मान मोडलेली, अंग लुळे, पायाशी चांदीच्या नाण्यांची थैली. शेजारी क्रुसावरचा येशू ताठ आहे आणि सरळ समोर बघतो आहे. खरा मेलेला कोण, हे कारागिराने दोन देहांच्या ठेवणीतून सांगितले आहे.

यात श्रद्धा होती, पण शिकवणीचा अर्धा भाग निसटत होता. चर्चच्या धुरिणांनाही ते जाणवले असावे. 692 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या परिषदेने आपल्या 82व्या नियमात ठरवले की यापुढे ख्रिस्ताला कोकराच्या प्रतीकाने दाखवू नये, माणसाच्या रूपात दाखवावे. कारण तिथेच दिले आहे: देव किती लीन झाला हे पाहणाऱ्याला उमजावे आणि त्याच्या यातनांचे व मरणाचे स्मरण व्हावे. चित्रकाराच्या कुंचल्याला धर्मसिद्धान्ताने इतकी थेट आज्ञा दिल्याची उदाहरणे थोडी आहेत.

पूर्वेकडे मग डोळे मिटू लागले. सीनाय पर्वताच्या मठात आठव्या शतकातले तसे एक चित्र आहे. पश्चिमेत दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलोनच्या आर्चबिशप गेरो यांच्या नावाने ओळखला जाणारा ओकच्या लाकडाचा क्रूस घडला. त्यावरचा येशू पुरुषभर उंचीचा आहे. मान छातीवर कलंडली आहे, ओठ सैल पडले आहेत, ताणलेल्या दंडांखाली पोट पुढे आले आहे. मेलेल्या देहाचे वजन त्या लाकडाला आहे. हा क्रूस आजही कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये आहे. पुढे असिसीच्या फ्रान्सिसने गरिबांचा येशू लोकांसमोर आणला आणि तेराव्या शतकातल्या इटलीत जुंता पिसानो, चिमाबुए यांच्या रंगीत क्रुसांवर वाकलेला, वेदनेने पिळवटलेला ख्रिस्त रूढ झाला. विजयी ख्रिस्त मागे पडला.

दोन्ही अवस्था एकाच कलाकृतीत पुऱ्या ताकदीने आणणारा चित्रकार म्हणजे मातिआस ग्रूनेवाल्ट. आल्सासमधल्या इझेनहाइम गावी अँटनीच्या संन्याशांचा मठ होता आणि त्याला जोडून रुग्णालय. तिथे ‘संत अँटनीचा अग्नी’ झालेले लोक येत. राय नावाच्या धान्यावरच्या बुरशीने हा रोग होई. हातापायांची आग आग व्हायची, मग ते काळे पडून सडायचे, कित्येकांचे अवयव कापावे लागायचे. या मठासाठी ग्रूनेवाल्टने 1512 ते 1516 या काळात उघडमिट करणाऱ्या फळ्यांची वेदी रंगवली.

फळ्या मिटलेल्या असत तेव्हा समोर क्रूस दिसे. येशूची कातडी हिरवट पडली आहे, अंगभर काटे रुतून जखमा चिघळल्या आहेत, बोटे खिळ्यांभोवती आखडून आकाशाकडे वळली आहेत. रोग्याला त्यात स्वतःचे शरीर दिसत असणार. सणाच्या दिवशी फळ्या उघडल्या की आतून पुनरुत्थान प्रकटे: कबरीतून वर उसळलेला तोच देह, अंगावरच्या चिघळलेल्या जखमा नाहीशा झालेल्या, हातापायांवर खिळ्यांच्या खुणा, आणि चेहरा मागच्या तेजोमंडलात विरघळत चाललेला. सडलेल्या अंगाने खाटेवर पडलेल्या माणसाला कोणत्याही प्रवचनापेक्षा या फळ्यांनी जास्त दिले असेल, असे मला मनापासून वाटते. आज ही वेदी कोलमारच्या उंटरलिंडेन संग्रहालयात आहे.

वेदी पुरी झाल्यावर वर्षभरातच धर्मसुधारक ल्यूथरचे प्रकरण पेटले. देव क्रुसाच्या हीनतेतच ओळखावा, हे ल्यूथरने 1518 मध्ये हायडेलबर्गच्या वादसभेत मांडले. त्याच्या वारसांनी मात्र सतराव्या शतकात निराळाच वाद घातला: पृथ्वीवर असताना ख्रिस्ताने आपले देवपण वापरायचे सोडले होते, की गुपचूप वापरत होता? ट्यूबिंगन आणि गीसेन इथल्या प्राध्यापकांत यावरून वर्षानुवर्षे पुस्तकबाजी चालली. इझेनहाइमच्या एका रोग्यालाही या वादाने काही मिळाले नसते.

त्याच शतकात ही कथा मराठीत आली होती. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये साष्टीतल्या राशोलला छापले गेले. गोव्यातले कारागीर याच कथेला हस्तिदंतात आकार देत होते. आफ्रिकेतून पोर्तुगीज गलबतांनी दात येत. धड एका तुकड्यातून कोरायचे, हात वेगळे करून खांद्याशी जोडायचे, अशी रीत. 1567 च्या गोव्याच्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती प्रतिमा बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करवून घ्यायला मनाई केली. म्हणजेच त्या तशा केल्या जात होत्या. या मूर्तींचे दोन घाट आहेत. एकात येशू अजून जिवंत आहे, मान वर करून आकाशाकडे पाहतो. दुसऱ्यात मान खाली आणि डोळे मिटलेले. दोन्ही घाट गोव्यात घडले आणि दोन्ही युरोपात गेले.

गोव्यातल्या कित्येक चर्चमध्ये खांद्यांना सांधे असलेली येशूची लाकडी मूर्ती आहे. गुड फ्रायडेला तिचे खिळे काढतात, हात देहाशी मिटवतात, मूर्ती क्रुसावरून उतरवून तिरडीसारख्या पालखीतून मिरवणुकीने नेतात. ईस्टरला पुनरुत्थित ख्रिस्ताची मूर्ती पुढे येते. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कला संग्रहालय आहे, तिथे हस्तिदंती काम जवळून पाहायला मिळते. ते जरूर पाहावे. पण त्या आठवड्यात गोव्यात असाल तर एखाद्या गावच्या चर्चमध्ये शुक्रवारीही जावे आणि रविवारीही जावे.