प्रवाशाचा जोडा

मंडळातील कुणी सभासद युरोपच्या सहलीस निघाला की निरोपाच्या चहापानात कोट किती जाड असावा, याची चर्चा हमखास होते. जोड्यांबद्दल सहसा कुणी विचारीत नाही. निघण्याच्या आदल्या आठवड्यात नवे कोरे बूट विकत आणले म्हणजे तयारी झाली. सरकारी कामानिमित्त काही वर्षांपूर्वी ब्रुसेल्सला जाताना प्रस्तुत लेखकानेही हेच केले होते. तेथील दगडी फरसबंदीने दुसऱ्याच दिवशी दोन्ही टाचा सोलून काढल्या. गरम पाण्यात पाय सोडून बसलो असताना ज्याची आठवण झाली, त्या टॉमस कोरिएट नामक वल्लीची ओळख वाचकांस करून द्यावी, असे तेव्हापासून मनात होते.

कोरिएट हा इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातल्या ऑडकोंब गावच्या धर्मोपदेशकाचा मुलगा. युवराज हेन्रीच्या परिवारात त्याचे स्थान जवळजवळ विदूषकाचे होते. मे १६०८ मध्ये तो डोव्हरहून निघाला आणि फ्रान्समार्गे, आल्प्स पर्वत ओलांडून व्हेनिसला पोहोचला. परतीची वाट स्वित्झर्लंड, जर्मनी व हॉलंडमधून होती आणि तिचा बराच भाग त्याने पायी तोडला. पाच महिन्यांत एकंदर १९७५ मैलांचा प्रवास घडला, असा त्याचा हिशेब आहे. व्हेनिसहून निघताना पायांत असलेला जोडाच घरापर्यंत टिकला. मध्ये एकदा तेवढा दुरुस्त करावा लागला. वहाणेची जागा पायांतच, असे आपली म्हण बजावते. या गृहस्थाने मात्र तो जोडा गावच्या चर्चमध्ये टांगला, आणि पुढे बरीच वर्षे तो तेथे होता! १६११ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथाच्या मुखपृष्ठचित्रातही त्याच्या फाटक्या कपड्यांना मानाचे स्थान मिळालेले आहे.

तो हट्टी पदयात्री होता, असे मात्र नव्हे. आल्प्सच्या एका चढावर दमछाक झाल्यावर त्याने निमूटपणे पैसे मोजले आणि खुर्चीत बसून तो हमालांच्या खांद्यावरून वर गेला. व्हेनिसमधील स्त्रियांच्या पादत्राणांविषयी त्याने लिहिले आहे ते मोठे मार्मिक आहे. लाकडी ठोकळ्यांचे ते जोडे जितके उंच, तितकी बाईची प्रतिष्ठा मोठी. काही तर अर्धा यार्ड उंच! चालताना कुणाचा तरी आधार घ्यावाच लागे. अशी एक स्त्री पुलाच्या पायऱ्यांवरून कोसळलेली त्याने प्रत्यक्ष पाहिली, आणि तिची आपणास कीव आली नाही, असेही नमूद केले.

आपल्या दृष्टीने विशेष म्हणजे हाच कोरिएट पुढे अलेप्पोहून बव्हंशी पायी चालत १६१५ मध्ये जहांगीर बादशहाच्या मुक्कामी अजमेरला आला. डिसेंबर १६१७ मध्ये सुरतेस त्याचा अंत झाला. एवढी पायपीट केलेल्या माणसाची माती अखेर तापीकाठी पडली.

त्याच्या जोड्याचे कौतुक वाटण्यास आणखी एक कारण आहे. सतराव्या शतकापासून पुढे सुमारे दोनशे वर्षे युरोपात डावा-उजवा भेद नसलेले, एकाच साच्यावरचे बूट सर्रास वापरात होते. पायाने बुटाचा आकार घ्यावा, बुटाने पायाचा नव्हे, असाच तो न्याय! पीटर कँपर या डच शरीरशास्त्रज्ञाने १७८१ साली उत्तम जोडा कसा असावा यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी झुरिकच्या हेरमान फॉन मायर यांना पुन्हा तोच विषय हाती घ्यावा लागला. विद्वानांचे म्हणणे चांभाराच्या साच्यापर्यंत पोहोचण्यास इतका अवधी लागला.

प्रवाशांना शहाणे केले ते बेडेकरांनी. नावावरून हे आमच्या कोकणातले वाटतील. पण कार्ल बेडेकर हे जर्मन प्रकाशक. १८४४ पासून निघालेल्या त्यांच्या स्वित्झर्लंडच्या मार्गदर्शिकेच्या पुढील आवृत्त्यांत पायी फिरणाऱ्यांसाठी लोकरी सदरे, लोकरी मोजे आणि बेताचे ओझे यांची शिफारस आढळते. पाय सोलू नयेत म्हणून मोज्याच्या आतून साबण चोळावा, ही युक्तीही तेथे आहे. ब्रुसेल्सला जाण्यापूर्वी ती वाचनात यायला हवी होती. इकडे टॉमस कुकच्या १८६३ मधील पहिल्या स्विस सहलीतील स्त्रिया मात्र घेरदार झगे सावरीत हिमनदी ओलांडीत होत्या.

हिंदी प्रवाशांची अडचण निराळीच होती. १८८८ च्या सप्टेंबरअखेर गांधीजी विलायतेस उतरले, ते पांढऱ्या फ्लॅनेलच्या पोशाखात. किनाऱ्यावर तसे कपडे घातलेला दुसरा कुणी नव्हता. सामान एजंटाच्या ताब्यात आणि दुसऱ्या दिवशी रविवार, त्यामुळे कपडे बदलण्याची सोय नव्हती. त्यांनी आत्मकथेत सांगितलेला जाच थंडीचा नाही, लाजेचा आहे. १९३१ साली नोव्हेंबरच्या थंडीत बकिंगहॅम राजवाड्यात गेले तेव्हा त्यांच्या अंगावर पंचा नि शाल होती, आणि पायांत चपला. कपड्यांचा सुखदपणा केवळ कापडात नसतो, हे या दोन प्रसंगांवरून मला प्रकर्षाने जाणवते.

पायांच्या बाबतीत मात्र मनोधैर्य उपयोगी पडत नाही. १९३५ मध्ये इटालियन आल्प्समधील पुंता रासिका या शिखरावर व्हिताले ब्रामानी या मिलानच्या गिर्यारोहकाचे सहा साथी वादळात सापडून मरण पावले. खिळ्यांचे जड बूट खाली ठेवून खडकावर चढण्यासाठी त्यांनी पातळ तळाचे जोडे घातले होते. बर्फ पडल्यावर त्या जोड्यांना ना पकड राहिली, ना ऊब. ब्रामानीने दोन वर्षांनी, १९३७ मध्ये, खोल खाचांच्या रबरी तळाचे पेटंट घेतले. ३१ जुलै १९५४ रोजी केटू शिखर प्रथम सर करणाऱ्या इटालियन तुकडीच्या बुटांना तोच तळ होता. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून बनलेले ‘व्हिब्राम’ हे नाव आजही तळव्यावर उमटवलेले दिसते.

पुढे व्हिएन्नास जाण्याचा योग आला, तेव्हा प्रस्तुत लेखकाने दोन महिने कचेरीत वापरून मऊ झालेला जोडा नेला. विमानतळावर सहप्रवाशाने त्याच्याकडे जरा तुच्छतेने पाहिले. त्याचे स्वतःचे बूट नवे कोरे होते.